लालबागची १७अ: पागडीच्या खोलीत गेलेले ३३,६४,५०० रुपये

लालबाग, परळ, करी रोड या पट्ट्यात कुणी पागडीची खोली (म्हणजे जुन्या भाडेकरूला आणि मालकाला एकरकमी पैसे देऊन भाडेहक्काने घ्यायची खोली) बघत असेल तर आज बयाणा देऊ नका. आधी हे वाचा. आमचे ३३ लाख ६४ हजार ५०० रुपये गेले आहेत आणि ज्यांनी ते नेले ते तिघंही मोकळे फिरतायत.

हिशेब आधीच मांडते. खोलीची किंमत ३१,००,०००. त्यातले २०,७५,००० जुन्या भाडेकरूला आणि १०,२५,००० मालकाचा हिस्सा. दलाली दोन टक्के, म्हणजे ६२,०००. कागदपत्रं आणि नोटरी १८,०००. ताबा मिळाल्यावर लादी, मोरी, पोटमाळा, वायरिंग आणि दरवाजा, १,८४,५००. पागडीच्या खोलीवर बँकेने आम्हाला कर्ज दिलं नाही, कारण खोली आपल्या मालकीची होतच नाही, आपण भाडेकरूच राहतो. त्यामुळे ३१ लाख घरातूनच उभे केले. यांचा पीएफ १२,४०,०००, मोडलेल्या ठेवी ९,००,०००, दागिने तारण ठेवून ५,६०,००० आणि माझ्या धाकट्या भावाने दिलेले ४,००,०००. भावाला आम्ही दोन वर्षांत परत करू असा शब्द दिला होता.

आता सगळे विचारतात, एवढ्या पैशात बदलापूरला किंवा विरारला स्वतःच्या नावावर फ्लॅट आला असता, लालबागच का? सासूबाईंचे उपचार परळच्या केईएम रुग्णालयात चालू आहेत. त्यांना लोकलच्या गर्दीतून नेता येत नाही आणि टॅक्सी रोज परवडत नाही. लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला दर अकरा महिन्यांनी भाडं वाढतं नाहीतर सामान बांधावं लागतं, हे मुंबईत कुणाला सांगायला नको. माझा जन्म याच भागातल्या चाळीतला. पागडीचा व्यवहार आमच्या घरात तीन पिढ्या होत आला, वडिलांनीही खोली अशीच घेतली होती. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडी घेणं-देणं कायदेशीर केलं आहे. म्हणजे आम्ही काही चोरीचा माल घ्यायला निघालो नव्हतो.

दलाल ओळखीतला. त्याने आमच्या माहितीतल्या एका कुटुंबाला खोली मिळवून दिली होती आणि ती खोली आजही त्यांच्याकडे आहे, व्यवस्थित आहे. चौकशी यापेक्षा वेगळी काय करतात माणसं? खोली दुसऱ्या मजल्यावर, साधारण १२० फूट, आत मोरी, संडास बाहेर सामायिक. इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी सरकारला उपकर भरणारी जुनी इमारत. दलालाचं सगळं बोलणं एकाच गोष्टीवर होतं: मुंबईच्या विकास नियमावलीतल्या ३३(७) खाली पुनर्विकास झाला की १२० फुटांच्या खोलीलाही किमान ३०० फुटांचं घर मिळतं. नियम खरा आहे. पात्र भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्र मिळतं. याच नियमात पुढे असंही आहे की १३ जून १९९६ नंतर निर्माण केलेला नवा भाडेहक्क त्यात धरला जात नाही. ते त्याने सांगितलं नाही. आमची १७अ नावाची खोली १९९६ नंतरच काय, आम्हाला विकायच्या काही महिने आधी तयार केलेली होती. १७ नंबरच्या २४० फुटांच्या खोलीत मध्ये भिंत घालून, गॅलरीकडे दुसरा दरवाजा काढून.

म्हणून पहिली गोष्ट: खोलीच्या नंबरापुढे अ, ब, किंवा छेद देऊन एक असं काहीही असेल तर १३ जून १९९६ च्या आधीची, त्याच नंबराची भाडेपावती डोळ्यांनी बघा. झेरॉक्स नाही, मूळ. नसेल तर उठून या.

ती पावती माझ्या हातात होती. हे लिहिताना आजही हात थरथरतो. दलालाच्या ऑफिसात भाडेकरूने जुन्या पावत्यांचा गठ्ठा समोर ठेवला, पिवळ्या पडलेल्या, रेव्हेन्यू स्टॅम्प लावलेल्या. १७ चा आकडा जुन्या शाईतला, फिका झालेला. आणि त्याला चिकटून लिहिलेला अ निळा, ठळक. मी विचारलं, हा अ नंतर लिहिलाय का? विचारलं मी. गप्प बसले नव्हते. भाडेकरू म्हणाला, "ताई, भावाचं लग्न झालं तेव्हा वडिलांनी दोन खोल्या केल्या, मालकांच्या मुनीमजींनीच अ घातलाय, त्यांनाच विचारा." आणि त्याने तिथल्या तिथे फोन लावून दिला. पलीकडचा माणूस गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाला, हां हां, सतरा अ, आपल्याच रजिस्टरला आहे, या तुम्ही. एवढं उत्तर मिळाल्यावर कोण आणखी खणत बसतं?

वीजबिलाचंही तसंच. बेस्टचं बिल फक्त १७ नंबरचं, भाडेकरूच्या वारलेल्या वडिलांच्या नावाचं. आमच्या बाजूला सबमीटर. चाळीत सबमीटर असतात, मी लहानपणापासून बघत आले आहे. आणि खोली बघायला गेलो त्या दिवशी शेजारच्या आजी दारात तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "ही भिंत कधी घातलीत रे?" भाडेकरू हसून म्हणाला, आजींना आता आठवत नाही. आजींनी मान खाली घातली आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. त्यांना सगळं आठवत होतं. पूर्ण मजल्याला माहीत होतं. व्यवहार होऊन आम्ही सामान घेऊन आलो, त्यांच्याकडे चहाला गेलो, तरी एकाने तोंड उघडलं नाही. चाळीत शेजारधर्म असतो म्हणतात. मला त्या मजल्यावर तो दिसला नाही आणि याबद्दल मी कुणालाही माफ करणार नाही.

शेजाऱ्यांशी बोलायचं ते भाडेकरू आणि दलाल सोबत नसताना. एकटं जायचं, संध्याकाळी नळावर पाणी येतं तेव्हा जायचं, खालच्या मजल्यावरच्या माणसाला आधी विचारायचं.

मुनीम म्हणवणारा माणूस साठीचा, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, बगलेत कापडी बांधणीची वही. मालकांच्या ऑफिसात तो आम्हाला कधीच घेऊन गेला नाही. शेठ बाहेरगावी, शेठ आजारी, ऑफिसला रंगकाम चालू. मालकाच्या हिश्श्याचे १०,२५,००० त्याने रोख मागितले, पागडीत मालकाचा हिस्सा रोखच जातो म्हणून. या भागात खोली घेतलेल्या कुणालाही विचारा, असंच चालतं की नाही. त्या रकमेची पावती मागितली तेव्हा म्हणाला, भाडेपावती तुमच्या नावावर झाली म्हणजे सगळं झालं, वेगळी पावती कुणी देत नाही. आणि खरंच, आठवड्यात माझ्या नावाची छापील भाडेपावती आली. इमारतीचं नाव, मालकांचं नाव, शिक्का, सगळं जुन्या पावत्यांसारखं हुबेहूब. कारण पावतीपुस्तक खरंच होतं. हा माणूस पूर्वी मालकांकडे कामाला होता आणि नोकरी सोडताना कोरी पुस्तकं सोबत घेऊन गेला. मालकांच्या ऑफिसने याची इमारतीत साधी नोटीस लावली नाही. एक कागद जिन्याखाली चिकटवला असता तर आमचं घर वाचलं असतं.

भाडेकरूला १४,००,००० चेकने आणि ६,७५,००० रोख दिले. करार ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर, नोटरी केलेला. कागदपत्रं करून देणारा वकील दलालाच्याच ओळखीचा होता. नोटरीचा गोल लाल शिक्का बघून माणसाला वाटतं की सरकारने तपासलं. नोटरी फक्त सही करणारा माणूस कोण आहे ते बघतो. खोली कुणाची, भाडेकरू खरा का, मालकाची संमती आहे का, यातलं काहीही तो तपासत नाही. पागडीचा हस्तांतर करार नोंदणी करता येतो, आणि तो त्रिपक्षीय करायचा: मालक, जुना भाडेकरू, नवा भाडेकरू. मालकाला स्वतः दुय्यम निबंधकासमोर यायला सांगा. जो मालक किंवा त्याचा माणूस यायला तयार नाही, तिथे एक रुपयाही देऊ नका. हिस्सा मालकाच्या खात्यावर पे ऑर्डरने द्या. त्यासाठी चार लाख जास्त मागितले तरी द्या.

गणपती झाल्यावर डोंबिवलीहून भाडेकरूचा मोठा भाऊ आला. वडिलांच्या नावाच्या मूळ पावत्या त्याच्याकडे. १७ नंबर एकच, मध्ये कधीही भिंत नव्हती, धाकट्याला विकायचा अधिकार नाही, बाहेर व्हा. आम्ही आमची पावती दाखवली. तो ती घेऊन आम्हाला मालकांच्या फोर्टमधल्या ऑफिसात घेऊन गेला. ऑफिसात आम्ही पहिल्यांदाच पाय ठेवला. तिथल्या बाईंनी रजिस्टर उघडून दाखवलं. सोळा, सतरा, अठरा. १७अ नव्हतंच. मालकांनी उलट आम्हालाच नोटीस पाठवली, संमतीशिवाय घुसलेले बेकायदा रहिवासी म्हणून. धाकट्याचा फोन तेव्हापासून बंद.

आणि मग सुरू झालं पोलीस ठाणं. पहिल्यांदा ऐकलं, ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. मग ऐकलं, दलालाचं ऑफिस दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत आहे, तिकडे जा. तिकडे ऐकलं, खोली जिथे आहे तिथेच तक्रार होते, परत जा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यायची असं स्पष्ट लिहिलं आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४), म्हणजे आधीचं ४२०, हा दखलपात्र गुन्हा आहे. आणि दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलं आहे. हे सगळं मला नंतर समजलं आणि मी त्याची प्रिंट घेऊन गेले. टेबलापलीकडच्या साहेबांनी ती वाचलीसुद्धा नाही. त्यांनी विचारलं, "सतरा लाख रोख दिलेत ना? इन्कम टॅक्सला काय सांगणार?"

१७,००,०००. ६,७५,००० आणि १०,२५,००० मिळून. दोन लाख आणि त्यावर रोख घेणं प्राप्तिकर कायद्याला मान्य नाही, आणि त्यातला दंड घेणाऱ्याला असतो, देणाऱ्याला नाही. पण भीती आम्हाला घातली गेली. बाकड्यावर सासूबाईंच्या औषधांची पिशवी घेऊन हे बसलेले आणि आत प्रश्न आम्हालाच: एवढे पैसे आले कुठून, दागिन्यांची बिलं आहेत का, भावाने दिले तर त्याचा उत्पन्नाचा दाखला आणा. ज्याने खोट्या पावत्या फाडल्या त्या मुनीमाला फोन करून बोलावलंसुद्धा नाही. दलालाला बोलावलं. तो आला, मी फक्त भेट घालून दिली म्हणाला, आणि चहा पिऊन गेला. माझ्या समोर. शेवटी अर्जावर आवक क्रमांकाचा शिक्का मारून मला घरी पाठवलं. एफआयआर नाही, अर्ज.

इमारतीच्या दुरुस्तीचं बघणाऱ्या सरकारी कार्यालयात गेले तर म्हणाले, भाडेकरू आणि मालक यांच्या भांडणात आम्ही पडत नाही. निदान १७अ तुमच्या यादीत नाही असं लेखी द्या म्हटलं, तर माहिती अधिकारात अर्ज करा म्हणाले. समोर संगणकावर यादी उघडी होती. महारेराकडे जायचा सल्ला खूप जणांनी दिला. तिथे नोंदणी झालेल्या नव्या गृहप्रकल्पांचं बघतात, जुन्या चाळीतल्या पागडीच्या खोलीचं नाही. त्यात वेळ घालवू नका.

मात्र तो माहिती अधिकाराचा अर्ज पैसे देण्याआधी करा. इमारतीच्या भाडेकरूंच्या यादीची प्रमाणित प्रत मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. दलाल म्हणेल तोवर खोली जाईल, दुसरी पार्टी तयार आहे. जाऊ द्या खोली.

एक आणखी: ताबा मिळाला म्हणून लगेच लादी फोडायला घेऊ नका. आमचे १,८४,५०० त्यात गेले आणि मालकांच्या नोटिशीत त्याच कामाला विनापरवाना बदल म्हटलं आहे. वरच्या मजल्याची मोरी गळत होती, तुळईतल्या सळ्या गंजून बाहेर आलेल्या, ते आम्ही स्वतःच्या पैशाने नीट करून घेतलं. मोठ्या भावाने आता त्याच खोलीला कुलूप लावलंय.

सध्या आम्ही काळाचौकीला भाड्याने राहतो. दागिन्यांवरचं व्याज महिन्याला ४,६६७ रुपये जातं. नव्या वकिलाने त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला आहे, पोलिसांना गुन्हा नोंदवून तपास करायचा आदेश द्यावा म्हणून. या धावपळीत आणखी दोन कुटुंबं भेटली. एक चिंचपोकळीचं, एक शिवडीचं. इमारती वेगळ्या, मालक वेगळे, पण पांढऱ्या शर्टाचा साठीचा मुनीम आणि कापडी बांधणीची वही तीच. आमचे तिघांचे अर्ज आता एकत्र जोडतोय, कारण एकट्याच्या अर्जाला दिवाणी बाब म्हणता येतं, तीन सारख्या अर्जांना म्हणणं अवघड जातं. ज्यांच्याकडे नंबराला नंतर अ किंवा ब जोडलेली भाडेपावती आहे त्यांनी ती लॅमिनेट करू नये, मूळ कुणाच्या हातात देऊ नये, आणि शाईच्या तपासणीसाठी जशीच्या तशी जपून ठेवावी.