प्रागमध्ये ६०० युरोंना फसलो: रस्त्यावर नोटा बदलू नका

दि. १२ मे २०२४, रविवार, दुपारी सव्वाबाराच्या सुमारास, प्रागच्या जुन्या शहर चौकापासून दोन मिनिटांच्या अंतरावर, मी माझ्या हाताने एका अनोळखी माणसाला ६०० युरो दिले आणि त्याच्याकडून १५,००० हंगेरियन फोरिंट घेतले. ते चेक कोरुना आहेत अशी माझी समजूत होती. त्या दिवशीच्या दराने १५,००० कोरुना म्हणजे सुमारे ६०० युरो होतात आणि १५,००० फोरिंट म्हणजे जेमतेम ३९. ते ६०० युरोही माझ्या एकट्याचे नव्हते. आम्ही महाविद्यालयापासूनचे सहा मित्रमैत्रिणी, प्रत्येकाने १०० युरो काढून केलेला तो सामाईक पैसा होता. मी एका सहकारी बँकेत एकतीस वर्षे नोकरी केली, त्यातली बरीच वर्षे रोखपाल म्हणून काढली, म्हणून तो पैसा सर्वांनी विश्वासाने माझ्याकडे दिला होता. हे लिहिताना मला लाज वाटते आणि त्याहून अधिक संताप येतो. तरीही लिहितो आहे, कारण पुढच्या उन्हाळ्यात आपल्याकडचे पुष्कळ लोक त्याच चौकात उभे असतील.

आम्ही रस्त्यावरच्या माणसाकडे मुळात का गेलो, हे आधी सांगायला हवे, कारण ज्याला ज्याला ही हकीकत कळली त्याने पहिला प्रश्न तोच विचारला. चेक प्रजासत्ताक युरोपीय संघात असले तरी तिथले चलन युरो नाही, कोरुना आहे. आदल्या संध्याकाळी आमच्यातल्या एका मित्राने एटीएममधून ४,००० कोरुना काढले होते. पैसे कोरुनात वळते करायचे की रुपयांत, असे यंत्राने विचारले आणि आपला हिशेब आपल्याला कळावा म्हणून त्याने रुपये निवडले. खात्यातून १६,९०० रुपये गेले. बाजारभावाने ती रक्कम साडेचौदा हजारांच्या आसपास व्हायला हवी होती. एटीएमने हा प्रश्न विचारला की नेहमी तिथले स्थानिक चलनच निवडावे, हे आम्हाला त्यानंतर कळले. त्या अनुभवामुळे यंत्राकडे पुन्हा जायचे नाही आणि पुण्याहून ९१ रुपये ४० पैसे दराने विकत घेऊन आणलेले रोख युरोच बदलायचे, असे आम्ही ठरवले.

रविवार असल्यामुळे बँका बंद होत्या. सकाळी आम्ही किल्ला पाहिला, सेंट व्हायटसच्या कॅथेड्रलसमोर रांगेत उभे राहिलो, उतारावरून चालत चार्ल्स पुलावर आलो आणि तो पूल ओलांडून बाराच्या आधी खगोलीय घड्याळापाशी पोहोचलो. १४१० सालचे ते घड्याळ दर तासाला वाजते, वरच्या खिडक्यांतून प्रेषितांच्या मूर्ती फिरतात आणि खाली शेकडो माणसे मान वर करून उभी असतात. आता विचार करता मला असे वाटते, की त्या माणसाने आम्हाला तिथेच हेरले असावे. घड्याळ वाजून झाल्यावर आमची मैत्रीण, जी अनेक वर्षे शाळेत इतिहास शिकवत होती, जवळच्या फरसबंदीतले २७ पांढरे क्रॉस दाखवून १६२१ मध्ये तिथे झालेल्या देहदंडांविषयी सांगत होती, आणि मी दोन पावले बाजूला होऊन एका चलनबदल केंद्राचा फलक वाचत होतो. कमिशन शून्य टक्के असे त्यावर ठळक अक्षरांत होते. खिडकीशी जाऊन ६०० युरोंचे हातात किती मिळतील असे विचारले, तेव्हा बाईंनी १२,९०० कोरुना सांगितले, म्हणजे एका युरोला साडेएकवीस. माझ्या फोनवर २४.९० दिसत होते. मी आभार मानून बाहेर आलो. इथपर्यंत माझे काहीही चुकले नव्हते, असे मी आजही म्हणतो.

दारातच चाळिशीतला, नीटनेटक्या कपड्यांतला एक माणूस उभा होता. त्याने आधी नमस्ते केले. हे लोक चोर आहेत, मला दोन दिवसांत जर्मनीला जायचे आहे, मला युरो हवेत, २५ चा दर देतो, असे तो इंग्रजीत म्हणाला. त्याने २८ किंवा ३० सांगितले असते तर मी तिथून निघून गेलो असतो. बाजारभावापेक्षा केवळ दहा पैशांनी जास्त दर सांगितल्यामुळेच मला संशय आला नाही. मी लोभाला बळी पडलो असे आमच्या एका नातेवाइकाने तोंडावर सांगितले, ते मला मान्य नाही. मला फुकटचे काही नको होते, योग्य दर हवा होता.

त्याने खिशातून १,००० कोरुनांची एक नोट काढून माझ्या हातात दिली आणि हवी तशी तपासा म्हणाला. मी ती उजेडात धरली, जलचिन्ह पाहिले, सुरक्षा धागा पाहिला, अंगठ्याने छपाईचा उठाव तपासला. ती नोट शंभर टक्के खरी होती. मग ती परत घेऊन त्याने गड्डी काढली आणि माझ्यासमोर मोजली: २,००० च्या सात आणि १,००० ची एक. मी माझे युरो मोजून दिले. तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून आलेला दुसरा एक माणूस दबक्या आवाजात पोलीस, पोलीस असे काहीतरी बोलत आमच्या बाजूने गेला. पहिल्याने ती गड्डी दुमडून माझ्या मुठीत कोंबली, माझा हात दोन्ही हातांनी दाबला आणि तो निघून गेला. सगळा व्यवहार तीन मिनिटांचाही नव्हता.

आता ज्या क्षणाचा विचार करून मला अजूनही रात्री जाग येते, तो क्षण सांगतो. मित्राने आदल्या संध्याकाळी काढलेल्या ४,००० कोरुनांच्या नोटा २,००० च्या दोन होत्या आणि त्यातली एक मी स्वतः हॉटेलच्या काउंटरवर दिली होती. तिच्यावर एका बाईचे चित्र होते. त्या एमा डेस्टिनोव्हा नावाच्या प्रसिद्ध चेक गायिका आहेत, हे हॉटेलच्या मुलीने आम्हाला कौतुकाने सांगितलेही होते. त्या माणसाने मोजलेल्या २,००० च्या सातही नोटांवर टोपी घातलेला दाढीवाला पुरुष होता. मी तो पाहिला. पाहिला नाही असे म्हणण्याची सोय मला नाही. तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून सात वेळा गेला आणि सातही वेळा मी फक्त कोपऱ्यातला आकडा वाचला, कारण मोजणाऱ्याचे लक्ष आकड्यावर असते आणि आयुष्यभर मी एकाच देशाच्या नोटा मोजल्या. हातात पाचशेची नोट आली तर ती कोणत्या देशाची आहे असा प्रश्न आपल्या रोखपालाला कधी पडतच नाही. नोटेवर मोठ्या अक्षरांत फोरिंट असे छापलेले होते, तेही ज्या लिपीत आपण इंग्रजी वाचतो त्याच लिपीत. गड्डी दुमडण्याआधी मी फक्त ती एक ओळ वाचली असती तर पुढचे काही घडले नसते. काउंटर सोडण्यापूर्वी रक्कम मोजून घ्यावी, ही पाटी मी एकतीस वर्षे माझ्या डोक्यावर टांगलेली पाहिली होती.

उघडकीस आले ते हावेल्स्का बाजारात. नातवंडांसाठी लाकडी खेळणी घेतली, ७४० कोरुना झाले, मी २,००० ची नोट पुढे केली. विक्रेत्या बाईंनी ती हातात न घेताच मान हलवली, हंगेरी एवढा एकच शब्द उच्चारला आणि आपल्या गल्ल्यातली बाईच्या चित्राची नोट वर काढून दाखवली. माझ्या मागे पाचही जण उभे होते. कोणीच काही बोलले नाही. शेवटी आमचा डॉक्टर मित्र म्हणाला, “अरे, बस आधी, पाणी पी.”

यानंतर जे झाले त्याचा राग मला त्या भामट्याइतकाच आहे. आम्ही लगेच उलट पावली त्या गल्लीत गेलो, तिथे अर्थातच कोणी नव्हते. जवळच्या पोलीस ठाण्यात गेलो. तिथे आम्हाला दोन तास चाळीस मिनिटे बाकावर बसवून ठेवले. इंग्रजी बोलणारा अधिकारी आला तेव्हा त्याने पहिले वाक्य असे उच्चारले, की तुम्ही पैसे स्वखुशीने दिलेत. दुसरे असे, की परवाना नसलेल्या माणसाने चलन बदलून देणे इथे बेकायदा आहे. मग त्या बेकायदा माणसाला पकडायचे कोणी, असे मी विचारले, तेव्हा त्याने खांदे उडवले. समोरच्या दुकानाच्या दारावर कॅमेरा आहे, त्यातले चित्रण पाहा, अशी आमच्या मैत्रिणीने तीनदा विनंती केली. त्यासाठी अर्ज, त्यावर निर्णय, आणि तोपर्यंत आम्ही देश सोडलेला असणार, असे उत्तर मिळाले. सर्वांत बोचणारी माहिती त्याच अधिकाऱ्याने दिली. एप्रिल २०१९ पासून तिथे असा कायदा आहे, की परवानाधारक केंद्रात बदललेली १,००० युरोंपर्यंतची रक्कम तीन तासांच्या आत पावती दाखवून परत मागता येते. म्हणजे साडेएकवीसच्या दराने लुबाडणाऱ्या त्या खिडकीत मी पैसे दिले असते, तर ते परत मिळवण्याचा मला हक्क होता. ही माहिती विमानतळावर, चौकात, हॉटेलात आम्हाला कुठेही मोठ्या अक्षरांत दिसली नाही. कमिशन शून्य टक्के मात्र पावलोपावली दिसत होते.

शेवटी चेक भाषेतला एक कागद आमच्या हातात दिला. तो काय सांगतो हे आम्हाला वाचता येत नव्हते आणि इंग्रजी प्रत देण्याची पद्धत नाही असे सांगण्यात आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता तोच माणूस, तेच जाकीट घालून, त्याच दारात उभा होता. त्याच्यासमोर एक वयस्कर जोडपे पाकीट उघडून उभे होते. मी धावत जाऊन फोरिंट, फोरिंट असे ओरडलो, ते दोघे मागे सरले आणि तो कोणतीही घाई न करता गल्लीत शिरला. मी लगेच १५८ या पोलिसांच्या क्रमांकावर फोन केला. कालच्या ठाण्यात जाऊन कळवा, असे मला सांगितले गेले. चौकात तेव्हा गणवेशातले दोन पोलीस गाडीपाशी उभे होते, त्यांना हात धरून न्यायचेच मी बाकी ठेवले. ते माझ्याबरोबर गल्लीच्या तोंडापर्यंत आले, आत पाहिले आणि परत फिरले. एका शहराची निम्मी कमाई पाहुण्यांवर चालत असल्यासारखी गर्दी ज्या चौकात असते, त्याच चौकात एक माणूस रोज त्याच दारात उभा राहून लुटतो आणि तो कोणाला दिसत नाही, यावर माझा विश्वास बसत नाही.

मुंबईत उतरल्यावर प्रवासविम्याचा दावा केला. विमा कंपनीने आधी चेक कागदाचे प्रमाणित भाषांतर मागितले. त्याला ३,२०० रुपये लागले. मग पासपोर्टच्या शिक्क्यांच्या प्रती, युरो खरेदीची पावती, सहाही जणांची सहीनिशी निवेदने. अकरा आठवड्यांनी दोन ओळींचे पत्र आले: चोरी आणि जबरी चोरीला संरक्षण आहे, स्वतःहून हस्तांतरित केलेल्या रकमेला नाही. हेच सांगायचे होते तर भाषांतर कशासाठी मागितले, या माझ्या पत्राला उत्तर नाही. ज्या प्रवासी संस्थेने आमची हॉटेले ठरवली होती, तिने तर असे प्रकार तिथे नेहमीच होतात असे शांतपणे सांगितले. नेहमीच होतात हे ठाऊक होते, तर निघण्यापूर्वी दिलेल्या चौदा पानी सूचनापत्रात चपला कोणत्या न्याव्यात यावर अर्धे पान आणि यावर एक ओळही का नव्हती?

रस्त्यावर चलन बदलून देतो म्हणणाऱ्याशी बोलूच नका, दर कितीही रास्त वाटो. केंद्रात गेलात तर फलकावरचा दर न वाचता एवढेच विचारा, की इतक्या युरोंचे हातात किती, आणि ते कागदावर लिहून घ्या. पैसे दिल्यावर पावती मिळेपर्यंत खिडकी सोडू नका आणि मन खट्टू झाले तर तीन तासांच्या आत परत जा. त्या देशाच्या नोटांची चित्रे निघण्यापूर्वी पाहून ठेवा: शंभरावर चौथा चार्ल्स, दोनशेवर कोमेन्स्की, पाचशेवर लेखिका नेमत्सोव्हा, हजारावर पालात्स्की, दोन हजारांवर डेस्टिनोव्हा, पाच हजारांवर मासारिक. साध्या वेशातला कोणी पोलीस म्हणवून पाकीट तपासायला मागू लागला तर ते देऊ नका, ठाण्यात चला म्हणा.

१३,००० फोरिंट मी तिसऱ्या दिवशी एका बँकेत बदलले, त्यांचे ७३० कोरुना आले, म्हणजे साधारण २९ युरो. उरलेल्या ५७१ युरोंचे ५२,१८९ रुपये होतात. मी पाचही जणांचा वाटा त्यांच्या खात्यांत भरला. तिघांनी तो त्याच दिवशी परत पाठवला आणि त्यावरून आमचे थोडे वाजलेही. २,००० फोरिंटची एक नोट मी मुद्दाम बदलली नाही. ती माझ्या टेबलाच्या खणात आहे. ज्यांना त्या भागात जायचे आहे त्यांनी घरी येऊन ती हातात घेऊन पाहावी. तो दाढीवाला चेहरा आणि त्याशेजारचे अक्षर नीट लक्षात ठेवावे.