केबल काढून फायर टीव्ही स्टिक घ्यावी का?

आमच्या घरी आई संध्याकाळी सातपासून स्टार प्रवाह लावते ते थेट दहापर्यंत, आणि मी केबल बंद करायचं म्हटलं की तिचा पहिला प्रश्न, माझ्या मालिकांचं काय? तर स्टिक म्हणजे टीव्हीला लावायचं छोटं उपकरण, ते इंटरनेटवरून ॲप टीव्हीवर दाखवतं, त्यामुळे मालिका कुठे जात नाहीत, स्टार प्रवाहच्या जिओहॉटस्टार ॲपवर आहेत आणि झी मराठीच्या झी५ वर, पण दोन ॲप म्हणजे दोन वर्गण्या, हे आधी धरा.

केबलला निव्वळ नेटवर्क फी म्हणून 200 चॅनेलपर्यंत 130 रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा होती, ती ट्रायने, म्हणजे दूरसंचार आणि केबलचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, 2024 मध्ये काढली, पे चॅनेलचे पैसे वेगळेच. स्टिकला महिन्याचं भाडं नाही पण वायफाय लागतंच. नेटफ्लिक्सच्याच हिशोबाने एचडीला तासाला 3 जीबीपर्यंत डेटा जातो, म्हणजे मोबाईलच्या रोजच्या दीड जीबीवर हॉटस्पॉट देऊन भागवू म्हणाल तर अर्ध्या तासात संपेल. ब्रॉडबँड आधीपासून असेल तरच स्टिक स्वस्त पडते असं माझं स्पष्ट मत आहे.

क्रिकेटला मात्र केबलच बरी वाटते मला, स्ट्रीमिंग काही सेकंद मागे असतं, शेजारी विकेटचा ओरडा आधी ऐकू येतो आणि मजाच जाते.

आणि टीव्हीला एचडीएमआय पोर्ट, म्हणजे स्टिक खोचायची जागा, आहे ना ते बघा, जुन्या डब्ब्या टीव्हीला स्टिक थेट लागत नाही. आईसाठी मी सहा महिने दोन्ही ठेवणार आहे, रिमोटवर आवाजाने शोधायला ती शिकली की मगच केबलवाल्या दादांना फोन करेन.