पॉलिएस्टर म्हणून विकलेली अ‍ॅसिटेटची रिळे

बंद पडलेल्या एकपडदा चित्रपटगृहांतून आणि वितरकांच्या गोदामांतून निघालेल्या जुन्या प्रिंटचा, म्हणजे पडद्यावर दाखवायच्या फिल्मच्या प्रतींचा, पुण्यात आजही थोडाफार व्यवहार चालतो. अशाच एका मध्यस्थाने आमच्या मित्रमंडळाला एका रंगीत मराठी चित्रपटाची ३५ मिलिमीटरची प्रिंट २८,००० रुपयांना विकली. चित्रपट सत्तरच्या दशकातला असला, तरी ही प्रिंट बऱ्याच वर्षांनी पॉलिएस्टर या मजबूत प्लॅस्टिकच्या फिल्मवर नव्याने काढलेली असल्यामुळे तिचे रंग शाबूत आहेत, असा त्याचा दावा होता.

या दाव्याला किंमत का येते, ते आधी सांगायला हवे. कोडॅकची ईस्टमनकलर ही रंगीत फिल्म १९५० मध्ये बाजारात आल्यावर रंगीत प्रिंट स्वस्त झाल्या खऱ्या, पण त्यांतले रंग टिकाऊ नव्हते. आकाशी आणि पिवळी छटा हळूहळू विरते, किरमिजी तेवढी मागे उरते आणि नायिकेच्या साडीपासून रस्त्यावरच्या झाडांपर्यंत सगळा चित्रपट गुलाबी दिसू लागतो. कमी विरणारे रंग ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आले आणि प्रिंटसाठी अ‍ॅसिटेट या जुन्या प्लॅस्टिकऐवजी पॉलिएस्टर सर्रास वापरले जाऊ लागले ते त्याहूनही नंतर. त्यामुळे सत्तरच्या दशकातल्या चित्रपटाची पॉलिएस्टर प्रिंट असेल, तर ती उशिराची आणि बहुधा चांगल्या रंगांची असणार, हा हिशेब जाणकारही मान्य करतात. मध्यस्थाने नेमका त्याचाच फायदा घेतला.

त्याने प्रत्येक रिळाचे बाहेरचे टोक उलगडून दाखवले. हिरवे शेत, निळे आकाश, दूरवर बैलगाडी. रंग खरोखरच ताजे होते. फिल्मची कड दोन्ही हातांनी ओढून ती फाटत नाही, हेही त्याने करून दाखवले. अ‍ॅसिटेटची फिल्म कडेपासून सहज फाटते, पॉलिएस्टरची फाटत नाही, त्यामुळे चाचणी बरोबरच होती. मात्र त्या फ्रेममध्ये एकही कलाकार नव्हता आणि चित्रपटाचे नाव फक्त लीडरवर, म्हणजे रिळाच्या सुरुवातीच्या कोऱ्या पट्टीवर, शाईने लिहिलेले होते.

खरा प्रकार रीळ डब्यातून काढून ट्यूबलाइटसमोर धरल्यावर उघड झाला. गुंडाळलेल्या पॉलिएस्टर फिल्मच्या कडेतून प्रकाश आरपार येतो, अ‍ॅसिटेटच्या कडेतून येत नाही. आमच्या हातातल्या रिळाच्या बाहेरच्या अंगाला दोन-तीन मिलिमीटरचे एक उजळ कडे दिसत होते आणि त्याच्या आत मध्यापर्यंत सगळा काळपट तपकिरी गठ्ठा होता. उलगडल्यावर सुमारे पन्नास फुटांवर पारदर्शक टेपचा जोड सापडला. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला नव्वद फूट धावते, म्हणजे ताजे रंग अर्ध्या मिनिटापुरतेच होते. तो तुकडा कुठल्या तरी वेगळ्याच चित्रपटाचा निघाला. जोड टेपचा असण्यालाही कारण आहे: फिल्म सिमेंट हा चिकटवण्याचा द्रव अ‍ॅसिटेटला विरघळवून सांधतो, पॉलिएस्टरवर त्याचा परिणाम होत नाही. जोडाच्या पलीकडे गुलाबी पडलेला चित्रपट होता आणि व्हिनेगरसारखा आंबूस वास येत होता. हा वास अ‍ॅसिटेट कुजू लागल्याची खूण असते. अशी रिळे चांगल्या रिळांशेजारी ठेवू नयेत, कारण त्यांतून सुटणारे आम्ल इतरांनाही बाधते.

याच माणसाने आम्हाला एक कृष्णधवल रीळही देऊ केले होते. त्याच्या कडेवर कोडॅकची एका वर्तुळाची खूण होती आणि ‘नायट्रेट’ (झटकन पेट घेणारी जुन्या काळची फिल्म) असा शब्दही होता. त्यावरून ते १९३६ चे, प्रभात फिल्म कंपनीच्या पुण्यातल्या काळातले मूळ रीळ असल्याचे तो सांगत होता. कोडॅकच्या या खुणा दर वीस वर्षांनी पुन्हा येत, त्यामुळे एक वर्तुळ १९१६, १९३६, १९५६ किंवा १९७६ यांपैकी कुठल्याही वर्षाचे असू शकते. शिवाय ते वर्ष फिल्म तयार झाल्याचे असते, चित्रपट निघाल्याचे नव्हे. ‘नायट्रेट’ ही अक्षरे गडद पट्ट्यावर पांढरी उमटलेली होती, म्हणजे ती जुन्या निगेटिव्हच्या कडेवरून छापून आली होती. प्रिंटच्या स्वतःच्या फिल्मवरील अक्षरे स्वच्छ कडेवर काळी दिसतात आणि या रिळावर तशी काळी अक्षरे ‘सेफ्टी’ अशी होती, म्हणजे फिल्म सहज पेट न घेणारी, नायट्रेटची नव्हती. खात्री करण्यासाठी तुकडा पेटवून पाहा, असेही त्याने सुचवले. तसे कोणीही करू नये. पेटलेले नायट्रेट पाण्याने विझत नाही आणि जानेवारी २००३ मध्ये याच शहरात नायट्रेटच्या साठ्याला आग लागून जुन्या चित्रपटांचा ठेवा नष्ट झालेला आहे.

पैसे मागितल्यावर “साहेब, जुना माल आहे, त्याची गॅरंटी कोण देतो?” एवढेच उत्तर मिळाले. पोलीस ठाण्यात दिलेल्या अर्जाची पोच आमच्याकडे आहे, त्यापुढे काही घडलेले नाही. बाहेरची टोके तशीच लावलेली आणखी रिळे तो नव्या गिऱ्हाइकांना दाखवत असल्याचे कळते. कोणाला अशी प्रिंट दाखवली गेली, तर पैसे देण्यापूर्वी प्रत्येक रीळ रिवाइंडरवर, म्हणजे रीळ उलगडण्या-गुंडाळण्याच्या यंत्रावर, घेऊन पार गाभ्यापर्यंत उलगडायला लावावे आणि निदान एका तरी रिळात ओळखीचा कलाकार दिसल्याशिवाय इसार देऊ नये.