नाव तेच, माणूस दुसरा : एका स्मृतिकार्डाच्या खरेदीत झालेली फसवणूक

गेल्या पावसाळ्यात टॉमी गॉडविन या इंग्रज सायकलवीराचे छायाचित्र आणि सही असलेल्या एका जुन्या स्मृतिकार्डासाठी मी साडेअठरा हजार रुपये मोजले. या व्यवहारात कोणी माझा ओटीपी मागितला नाही की कसली लिंकही पाठवली नाही. वस्तू ठरल्याप्रमाणे कुरियरने घरपोच आली, आणि म्हणूनच आपण फसलो आहोत हे कळायला मला सात आठवडे लागले.

टॉमी गॉडविन हे नाव लांब पल्ल्याची सायकल चालवणाऱ्यांना सांगावे लागत नाही. इतरांसाठी थोडे सांगतो. इंग्लंडमधील स्टोक-ऑन-ट्रेंटच्या फेंटन भागात १९१२ साली जन्मलेला हा माणूस १ जानेवारी १९३९ रोजी पहाटे पाच वाजता सायकलवर बसला तो एका वर्षात सर्वाधिक अंतर तोडण्याच्या ईर्ष्येने. तो विक्रम तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या ऑसी निकल्सन यांच्या नावावर होता आणि तो ६२,६५७ मैलांचा होता. मध्येच महायुद्ध सुरू झाले, ब्लॅकआउटमुळे दिव्यावर पट्टी चिकटवून मिणमिणत्या उजेडात सायकल हाकावी लागली, तरी २६ ऑक्टोबर १९३९ रोजी लंडनच्या ट्रफाल्गर चौकात पोहोचताना गॉडविनने निकल्सन यांना मागे टाकले होते. वर्षअखेर त्याचा आकडा ७५,०६५ मैलांवर, म्हणजे जवळजवळ १,२०,८०० किलोमीटरवर गेला. तेवढ्यावर न थांबता मे १९४० मध्ये पाचशे दिवसांत एक लाख मैल पुरे करूनच तो उतरला. पुण्यात आम्ही जी तीनशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, वीस तासांच्या मुदतीत पुरी करून पुढचे दोन दिवस जिना उतरताना कठडा धरतो, तिच्याहून थोडे अधिक अंतर या गृहस्थाने वर्षभर रोज सरासरीने कापले, तेही तीस पौंडांहून जड सायकलवर आणि संपूर्ण शाकाहारी राहून. (हा शेवटचा तपशील आमच्या घरी आईला फार आवडतो.) हा वार्षिक विक्रम थेट जानेवारी २०१६ मध्ये मोडला.

आता कार्डाविषयी. जुन्या सायकली आणि त्यांचे सुटे भाग यांची देवघेव करणाऱ्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर, अनेक वर्षे इंग्लंडमध्ये स्थायिक असल्याचे सांगणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी त्याचे छायाचित्र टाकले होते. पोस्टकार्डाहून थोडे मोठे, पिवळट पडलेले जाड कार्ड. वर सायकलस्वाराचे कृष्णधवल छायाचित्र, त्याखाली ‘ट्रफाल्गर चौक, २६ ऑक्टोबर १९३९’ आणि ‘७५,०६५ मैल’ अशा छापील ओळी, आणि सर्वांत खाली चिकटवलेल्या अरुंद पट्टीवर शाईने केलेली सही. उजव्या कोपऱ्यात चहाच्या कपाच्या तळाचा अर्धवर्तुळाकार डाग होता. त्या डागाने मला जिंकले, हे कबूल करायला हवे. कुठल्या तरी सायकल दुकानाच्या गल्ल्यावर ऐंशी वर्षांपूर्वी कोणीतरी या कार्डावर कप ठेवला असेल, असे चित्र मी मनाशी रंगवून मोकळा झालो.

सायकल कंपनीने आपल्या विक्रेत्यांना भेट दिलेल्या मोजक्या कार्डांपैकी हे एक आहे, असे त्यांनी फोनवर सांगितले. लेखी मजकुरात मात्र ‘टॉमी गॉडविन यांची अस्सल स्वाक्षरी असलेले कार्ड’ एवढेच होते. मी पाच हजार आगाऊ आणि उरलेले साडेतेरा हजार कुरियरची पावती आल्यावर यूपीआयने दिले. दोन्ही वेळा पैसे त्यांच्या नव्हे तर ‘मेहुण्यांच्या’ खात्यावर गेले, आणि वस्तू इंग्लंडहून नव्हे तर मुंबईच्या एका उपनगरातून आली. ओळखीच्या माणसाने सामानातून आणल्यामुळे सीमाशुल्क वाचले, हे त्यांचे स्पष्टीकरण मला पटले, कारण ते शुल्क माझेही वाचत होते.

छापखान्यात हयात घालवलेले आमचे एक काका आहेत. दिवाळीत त्यांना मी कौतुकाने कार्ड दाखवले, तेव्हा त्यांनी छायाचित्राकडे पाहण्याआधी मजकूर वाचला आणि विचारले, “ऑक्टोबरच्या कार्डावर डिसेंबरचा आकडा कसा रे?” ट्रफाल्गर चौकात गॉडविन पोहोचला तेव्हा त्याचे ६२,६५८ मैल झाले होते, ७५,०६५ हा आकडा वर्ष संपल्याशिवाय कोणालाही माहीत असणे शक्यच नव्हते. हे दोन्ही आकडे मला तोंडपाठ असूनही ते एकाच कार्डावर एकाखाली एक पाहताना माझ्या डोक्यात काही आले नव्हते.

मग त्यांनी भिंग काढले. कृष्णधवल म्हणवणाऱ्या त्या छायाचित्रातील करड्या भागात निळे, गुलाबी आणि पिवळे सूक्ष्म ठिपके स्वच्छ दिसत होते, म्हणजे छपाई आजच्या रंगीत प्रिंटरवरची होती. ओळखीच्या सराफाकडे नोटा तपासण्याच्या जांभळ्या दिव्याखाली कार्ड धरले, तेव्हा त्याच्या कापलेल्या कडा निळसर पांढऱ्या चमकल्या. कागद असा चमकवणारी रसायने १९३९ च्या कागदात नसत. पिवळेपणा वरून चढवलेला होता. चहाचा डाग भिंगाखाली त्याच तीन रंगांच्या ठिपक्यांत विरघळला. डागही छापलेला होता!

सहीची पट्टी मात्र खऱ्या शाईची होती आणि खरी मेख तिथेच होती. काकांनी पट्टीचे टोक ओल्या कापसाने हळूच सोडवले, तर मागे इंग्रजी ‘ऑलिंपिक’ शब्दाचा अर्धा तुकडा छापलेला निघाला. ब्रिटिश सायकलिंगमध्ये टॉमी गॉडविन नावाचे दोन खेळाडू होऊन गेले. दुसरे गॉडविन ट्रॅकवर शर्यती करणारे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांनी दोन कांस्यपदके मिळवली आणि ते २०१२ पर्यंत हयात होते. विक्रमवीर गॉडविन १९७५ सालीच गेला. ऑलिंपिकवाल्या गॉडविन यांच्या सहीचे जे नमुने पाहायला मिळाले, त्यांच्याशी पट्टीवरची सही अक्षरन् अक्षर जुळली. म्हणजे कोणत्या तरी कागदावरची त्यांची सही कापून दुसऱ्याच माणसाच्या छायाचित्राखाली डकवली होती.

विक्रेत्याला फोन केला तेव्हा तो मुळीच चिडला नाही. “मी टॉमी गॉडविन यांची सही म्हटले होते, ती तुम्हाला मिळाली आहे,” असे अगदी सौम्यपणे सांगून त्याने फोन ठेवला आणि त्यानंतर माझा क्रमांक ब्लॉक केला. कार्ड १९३९ चे असल्याचे, सही विक्रमवीराची असल्याचे, कंपनीने भेट दिल्याचे, जे जे खोटे होते ते सर्व त्याने तोंडी सांगितले होते. मी १९३० या हेल्पलाइनवर आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवली, पण सात आठवड्यांनंतर त्या खात्यात गोठवण्याजोगे काही उरले नव्हते. तक्रार घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला, की वस्तू विक्रमवीराची असल्याचे लेखी काही आहे का. नव्हते. एका ओळीचा मेसेज पाठवून ‘ही सही १९३९ च्या विक्रमवीराचीच ना’ एवढे मी विचारायला हवे होते. ‘हो’ आले असते तरी आणि उत्तर टाळले असते तरी माझे काम झाले असते.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका ग्रुपवर, वेगळ्या नावाने, असेच कार्ड बावीस हजारांना विक्रीस आलेले पाहिले. सहीची पट्टी या वेळी किंचित तिरकी लागली आहे. चहाचा डाग त्याच कोपऱ्यात आहे आणि त्याच्या वरच्या टोकाला माझ्या कार्डावर आहे तशीच बारीक तुटकी रेघ आहे.