मॅक्सफॅन डिलक्स: छताला भोक पाडण्याआधी

कॅम्पर व्हॅनच्या छतावरचे बरेचसे पंखे पाऊस लागला की झाकण लावून बंद ठेवावे लागतात, म्हणजे हवा सर्वांत जास्त हवी तेव्हाच पंखा गप्प. मॅक्सफॅन डिलक्सला पावसाची टोपी अंगचीच आहे, त्यामुळे तो पावसातही चालू राहतो. 12 व्होल्ट, 10 वेग, हवा आत किंवा बाहेर. झोपताना खालचे दोन-तीन वेग पुरतात.

एक मेख आहे. टोपीचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला उघडतं. पुण्यातल्या सरळ पावसात काही बिघडत नाही, पण ताम्हिणीत नैऋत्येचा वारा पाऊस आडवा आणतो. गाडीची पाठ तिकडे असली तर तुषार थेट गादीवर. गाडी लावताना गाडीचं नाक वाऱ्याकडे करा.

गळती पंख्यातून क्वचितच होते, होते ती भोकाच्या कडेने. माप 14 बाय 14 इंच. कापताना उडालेला लोखंडी चुरा लगेच झाडा, नाहीतर आठवड्यात छतावर गंजाचे ठिपके. कापलेल्या कडेला प्रायमर, आतून 12 मिमी मरीन प्लायची चौकट, फ्लँजखाली (पंख्याच्या चौकटीची सपाट कड) ब्यूटाइल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी. छताला पन्हाळ्या असतील तर त्या आधी भरून घ्या. सपाट फ्लँज तिथे टेकतच नाही. स्क्रू टेप थोडी बाहेर येईपर्यंतच आवळा. वरून पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. व्हिनेगरसारखा वास मारणारं बाथरूमचं सिलिकॉन अजिबात नको: त्यातलं आम्ल पत्रा खातं आणि पुढे त्यावर दुसरं काही चिकटत नाही. दोन दिवस सुकू द्या, मग वीस मिनिटं पाइपने पाणी मारून तपासा.

पंखा बाहेर फेकणाऱ्या दिशेने चालवा आणि दुसऱ्या टोकाची खिडकी दोन बोटं उघडी ठेवा. सगळं बंद ठेवून पंखा लावला तर तो दाराच्या रबरातून हवा ओढतो, आणि हवेबरोबर पाणीही! खिडकीवर व्हायझर, म्हणजे पाऊस अडवणारी पट्टी, हवाच. कारचे तयार व्हायझर नाना पेठेत मिळतात. मोठ्या व्हॅनच्या सरकत्या काचेसाठी 3 मिमी पॉलिकार्बोनेट वाकवून घ्यावं लागेल.

आणखी एक, पावसाळ्यात बाहेरचीच हवा दमट, त्यामुळे ओले कपडे या पंख्याने वाळणार नाहीत. दोन माणसांच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात सुमारे अर्धा लिटर पाणी हवेत जातं, ते मात्र पत्र्यावर साचण्याआधी बाहेर पडतं.

पंखा घ्यावा असाच आहे. मात्र बसवण्याआधी सरकत्या खिडक्यांच्या खाचेतली निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करा. ती चोंदली की खाच भरून पाणी आतच उतरतं आणि दोष पंख्याच्या माथी येतो.