केकच्या तयार मिश्रणाला रंग: बीट-हळदीचा की बाजारातला जेल?

मुलीच्या वाढदिवसाला पाकिटातल्या मिश्रणाचा रंगीत केक करताना रंग घरचा घ्यावा की बाजारातला जेल (म्हणजे घट्टसर खाद्यरंग), असा प्रश्न इंदूरच्या माझ्या वहिनींना पडला आहे. घरचा रंग स्वस्त पडतो, पण किसण्या-गाळण्याचे कष्ट त्यात आहेत. खरा फरक टिकण्यात आहे: बीटचा रंग ओव्हनच्या उष्णतेने तपकिरी पडतो, तर मिश्रणात सोडा जास्त असल्यास हळद लालसर होते (हळदीचे कुंकू असेच तर होते!). जेल थोडासाच लागतो आणि भाजल्यावरही बराच टिकतो. म्हणून आतले थर रंगीत हवे असल्यास जेल घ्यावा. वरच्या क्रीमला मात्र, जे भाजावे लागत नाही, बीटचा रस शोभतो, फक्त तो चमचाभरच घालावा, अन्यथा क्रीम पातळ होते.