गिअरबॉक्स उघडलाच नव्हता, तरी बिल ३८,७०० रुपयांचे

माझ्याकडून ज्या कामाचे ३८,७०० रुपये घेतले गेले, ते काम झालेच नाही. हे लिहिताना संताप येतो आणि लाजही वाटते, कारण ही गाडी मी बारा वर्षे चालवतो आहे, तिचे ब्रेक पॅड आणि ऑइल स्वतः बदलतो, आणि तरीही मी फसलो. निदान दुसरा कोणी असाच फसू नये म्हणून सगळे सांगतो.

गाडी २००९ची, पुढच्या चाकांवर चालणारी, १,१२,००० किलोमीटर झालेली. ताशी ६० किलोमीटरच्या पुढे खालून घरघर येऊ लागली आणि ८० ते ९० या वेगात स्टिअरिंग थरथरू लागले. या दोन वेगवेगळ्या तक्रारी होत्या. मी त्या एकच समजलो, आणि गॅरेजवाल्याने माझा तो गैरसमज दूर न करता नेमका त्याचाच फायदा घेतला.

तो गाडी चालवत होता आणि मी शेजारी बसलो होतो. रस्ता उजवीकडे वळला की घरघर वाढायची आणि डावीकडे वळला की जवळजवळ बंद व्हायची. हे मी त्याला तिथल्या तिथे बोलून दाखवले. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकावर येतो, म्हणून तेव्हा आवाज वाढत असेल तर संशय आधी डाव्या चाकाच्या बेअरिंगवर घ्यायचा असतो, हे मला तेव्हाही माहीत होते. पण तो म्हणाला, "साहेब, गिअरबॉक्सचाच आवाज आहे, वळताना घुमतो." मी गप्प बसलो. अशा वेळी गप्प बसू नका. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवायला लावा आणि दुसरा हात त्याच चाकाच्या स्प्रिंगवर ठेवा. बेअरिंग खराब असेल तर त्याची खरखर बहुतेक वेळा बोटांना जाणवते. या तपासणीला पाच मिनिटे लागतात, आणि ती त्याने केली नाही.

त्याने गिअर ऑइलचा ड्रेन प्लग, म्हणजे तेल काढायचे खालचे बूच, काढून त्यावरचा करडा लगदा माझ्या बोटाला लावला आणि आतले बेअरिंग गेल्याचे सांगितले. एवढ्या किलोमीटरनंतर प्लगच्या चुंबकावर बारीक करडा लगदा जमणे नेहमीचेच आहे. घाबरायचे ते धातूचे तुकडे किंवा कपच्या निघाल्या तर. तेव्हा मात्र मी घाबरलो. त्या आठवड्यात वडिलांना रोज दवाखान्यात न्यायचे होते आणि भर रस्त्यात गिअरबॉक्स अडकला तर काय, हाच विचार मनात होता. अशा अवस्थेतल्या माणसाने ५,००० रुपये आगाऊ दिले, तर त्याला मूर्ख ठरवण्याआधी वाचणाऱ्यांनी स्वतःला त्या जागी ठेवून पाहावे.

चौथ्या दिवशी बिल मिळाले: बेअरिंग सेट ११,४००, सिंक्रो रिंग ६,८००, क्लच सेट ८,५००, ऑइल १,५०० आणि मजुरी १०,५००. मी जुने भाग मागितले तेव्हा त्याने एक गोणपाटाची पिशवी पुढे केली. आतले बेअरिंग मी हातात घेतले. ते कोरडे होते, बाहेरच्या कड्यावर तांबूस गंज होता आणि माझ्या तळहातावर त्याची भुकटी उतरली. पंधरा वर्षे गिअर ऑइलमध्ये बुडालेले बेअरिंग चार दिवसांत असे गंजेल कसे? ते हात लावताच तेलकट लागायला हवे होते, त्याला गिअर ऑइलचा तो उग्र वास यायला हवा होता. माझ्या मनात शंका आली, मी बेअरिंग एकदा उलटे करूनही पाहिले, आणि पिशवीत परत ठेवले. उरलेले ३३,७०० रुपये मी त्यानंतर दिले, त्या पिशवीच्या शेजारी उभे राहून. हा क्षण मला आजही झोपू देत नाही.

परत येताना स्टिअरिंगची थरथर गेलेली होती, त्यामुळे काम झाले असे वाटले. पुढच्या दोन्ही रिमच्या कडेला नवी चकचकीत वजने लावलेली होती, म्हणजे त्याने गुपचूप व्हील बॅलन्सिंग (छोटी वजने लावून चाकाचा तोल साधणे) करून घेतले होते आणि थरथर त्यानेच गेली होती, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. घरघर मात्र तशीच होती. त्यावर, "नवीन बेअरिंग बसायला ५०० किलोमीटर लागतात," असे उत्तर मिळाले. असे उत्तर कोणी दिले तर त्याच दिवशी गाडी दुसऱ्याला दाखवा.

मी ६१० किलोमीटर वाट पाहिली. दुसऱ्या मेकॅनिकने गाडी वर उचलली आणि काही न बोलता टॉर्च माझ्या हातात दिली. गिअरबॉक्स इंजिनला जोडणाऱ्या बोल्टांवर तेल आणि धुळीचा काळा थर होता, नखाने खरवडावा लागेल इतका घट्ट, आणि एकाही बोल्टाच्या कडेवर पाना लागल्याची खूण नव्हती. डाव्या पुढच्या चाकाचे बेअरिंग १,६५० आणि मजुरी ७००, अशा २,३५० रुपयांत घरघर थांबली.

त्यानंतरचा मनस्ताप पैशांपेक्षा मोठा आहे. पोलिसांनी, "हा दिवाणी मामला आहे," म्हणून अर्जाची पोचसुद्धा दिली नाही. न झालेल्या कामाचे पैसे खोटे भाग दाखवून उकळणे ही फसवणूक नाही, तर फसवणूक म्हणायचे कशाला, या माझ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या कार्यालयाने पक्के बिल मागितले. माझ्याकडे शिक्का नसलेला कागद होता. पक्के बिल न देणे हा गॅरेजवाल्याचा दोष, आणि त्याची शिक्षा मला! नंतर तज्ज्ञाचा लेखी अहवाल मागितला. दुसरा मेकॅनिक तोंडी सगळे सांगायला तयार आहे, पण त्याच धंद्यातल्या माणसाविरुद्ध लिहून द्यायला तयार नाही, आणि त्याला मी दोष देत नाही. २३ दिवसांनी, समोरच्याने "काम समाधानकारक केले" असे कळवल्यामुळे, माझी तक्रार बंद झाली. कोणीही गाडी पाहिली नाही. बोल्टांचे फोटो मी तीनदा पाठवले होते, ते उघडून पाहिल्याचेही दिसत नाही.

मोठे काम सांगितले गेले तर गाडी सोडण्याआधी गिअरबॉक्सच्या बोल्टांवर रंगाचा ठिपका लावा आणि त्याचा फोटो काढा. गिअरबॉक्स खाली उतरवलेला असताना स्वतः जाऊन पाहा. मला फोनवर फोटो पाठवला होता, आणि तो कोणत्याही गाडीचा असू शकतो. रोख रक्कम देऊ नका. मी २०,००० रोख दिले, त्यांचा आता काहीच पुरावा नाही.

पिशवी आणि ते गंजलेले बेअरिंग मी जपून ठेवले आहे. बोल्टांचे फोटो जोडून मी दुसऱ्यांदा अर्ज केला, त्याला आज ४१ दिवस झाले. अजून साधा तक्रार क्रमांकही आलेला नाही.